'पोको', 'उन पोको' आणि आपला 'च'

स्पेनमधल्या सलामांकाला शिकायला गेलो तेव्हा मी एका आजींच्या घरी राहत होतो. पहिल्याच दुपारी त्यांनी 'लेन्तेखास' वाढलं. मसुराची दाट आमटी म्हणा हवं तर. "आवडलं का?" मला सांगायचं होतं, थोडं थोडं आवडायला लागलंय. स्पॅनिश शब्दकोशात पाठ केलं होतं, पोको म्हणजे थोडं. मी ऐटीत म्हणालो, "मे गुस्तान पोको." आजींनी मुकाट्याने ताट उचललं आणि ऑम्लेट आणून ठेवलं. मी त्यांना सांगून बसलो होतो, 'मला हे फारसं आवडत नाही'!

चूक एवढ्याशा 'उन'ची होती, 'पोको'आधी मी तो लावलाच नव्हता. 'तेंगो उन पोको दे दिनेरो' म्हणजे माझ्याकडे थोडे पैसे आहेत, चला, चहा पिऊ. 'तेंगो पोको दिनेरो' म्हणजे पैसे थोडेच आहेत, चहाचं नाव काढू नका. खिशातली रक्कम दोन्हीकडे तीच असू शकते. बदलते ती बोलणाऱ्याची नजर: आहे त्याकडे बघतोय की नाही त्याकडे. आपण हे काम 'च'वर सोपवतो. मराठीत 'च' लावला की हात आखडतो, स्पॅनिशमध्ये 'उन' काढला की आखडतो. हे एकदा ध्यानात आलं आणि माझी अर्धी डोकेदुखी गेली.

विशेषणाच्या आधी हाच फरक आणखी बोचतो. दुकानात 'उन पोको कारो' म्हटलं तर 'जरा महाग आहे हो' अशी सौम्य तक्रार होते. पण एखाद्याला 'पोको आमाब्ले' म्हटलं, तर तो थोडा प्रेमळ नसतो, तुसडा असतो.

लिंगवचनाची मात्र आपल्याला सवय आहे. थोडा भात, थोडी भाजी, थोडं वरण हे आपण न शिकता बोलतो. तसंच पोको पान, पोका साल, पोकोस लीब्रोस, पोकास पालाब्रास. (पान म्हणजे पाव. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला, तो या पानाचा सख्खा चुलतभाऊ. साल म्हणजे मीठ, लीब्रोस पुस्तकं, पालाब्रास शब्द.) लिंग अर्थातच त्यांचं धरायचं. आपलं मीठ नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी.

पण हीच सवय एके ठिकाणी दगा देते, आणि तो खास मराठी दगा आहे. वर्गातल्या मुली हमखास म्हणतात, 'एस्तोय ऊना पोका कान्सादा.' का? तर आपण म्हणतो, 'मी थोडी दमलेय.' आपल्याकडे बाई दमली की 'थोडी'सुद्धा तिच्याबरोबर दमते! स्पॅनिशमध्ये फक्त 'कान्सादा' स्त्रीलिंगी होतं, 'उन पोको' जागचं हलत नाही. 'एस्तोय उन पोको कान्सादा.' क्रियापदाबरोबरही तसंच: 'दुएर्मो पोको', मी कमी झोपते, मग झोपणारी कुणी का असेना.

'पोको आ पोको' म्हणजे हळूहळू, ते सोपं आहे. मला मोह पडतो तो 'पोर पोको'चा. जिन्यावर पाय घसरला, कठडा हाताला लागला. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'पोर पोको मे काइगो.' शब्दशः, थोडक्यासाठी पडतो. घटना होऊन गेली तरी क्रियापद वर्तमानकाळातच. आपण काय म्हणतो? 'थोडक्यात वाचलो!' 'थोडं' हा शब्द दोघांनाही लागला. फक्त ते पडण्याबद्दल बोलतात, आपण वाचण्याबद्दल.

आजींना महिन्याभराने मी नीट सांगितलं, लेन्तेखास आवडतं म्हणून. त्या दिवसापासून दर आठवड्याला मसूर. "उन पोको मास?" विचारायच्या आणि उत्तराआधीच डाव रिकामा करायच्या. हा आग्रह शिकवायला मला कुणी लागलं नाही, तो घरचाच होता.

आता मघापासून संयोजक घड्याळाकडे बघतायत. 'केदा उन पोको दे तिएम्पो' की 'केदा पोको तिएम्पो' (केदा म्हणजे उरलाय, तिएम्पो म्हणजे वेळ), ते त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्हीच ओळखा, आणि तेवढ्यात बसतील तेवढे प्रश्न विचारा.