दमट बोर्ड, अर्धा चहा

श्रोतेहो, नमस्कार.

मालवा मिल, परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर, कुलकर्णी का भट्टा, गोमा की फेल. इंदूरच्या या मिल-वस्त्यांमध्ये पाळी सुटल्यावर तरुण पोरं कुठे जमायची, त्याबद्दल आज बोलायचं आहे. जागा दोनच. एक कलाली, जिला पुढे अहाता म्हणू लागले. दुसरी चहाचं हॉटेल, ज्याच्या ओटल्यावर नाहीतर मागच्या खोलीत कॅरम बोर्ड असायचा.

अहात्याचं थोडक्यात सांगतो. दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायची जागा, बाहेर हातगाडीवर उकडलेली अंडी, चणे, मीठ-लिंबू लावलेला मुळा. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात अहाते बंद झाले. पगाराच्या दिवशी घरातल्या बायकांनी काय सोसलं हे ज्यांना ठाऊक आहे, ते अहात्यासाठी हळहळणार नाहीत. पण अहाता बंद केला म्हणजे काम संपलं, हे मला पटत नाही. डोक्यावर छप्पर, एक दिवा आणि चार बाकं असलेली जागा प्रत्येक मोहल्ल्यात हवी. ती नसेल तर तीच माणसं उभ्या गाडीत नाहीतर रिकाम्या प्लॉटवर पितात.

असो, आपण हॉटेलात जाऊ. चहा अर्धा, बाक लाकडी, आणि मधोमध बोर्ड. बोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद. सोंगट्या १९: नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. इंदुरी पोरं त्यांना गोट्याच म्हणायची. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत. वर लोंबणारा पिवळा दिवा, त्याला पत्र्याची टोपी, म्हणजे उजेड फक्त बोर्डावर पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमात राणीचे ३ गुण आणि गेम २५ गुणांचा, पण मोहल्ल्यात राणीचे ५ धरायचे आणि गेम २९ चा. हरणाऱ्याने चहा पाजायचा. बाकी नियम तुम्हाला माहीत आहेत.

परदेशीपुऱ्याकडच्या जुन्या मंडळींत एक डाव अजून सांगितला जातो. सांगणारा बदलला की नावंही बदलतात, म्हणून आपण नावं सोडून देऊ. दिवस श्रावणाचे, झड लागलेली. बोर्ड आठवडाभर मोरीजवळच्या भिंतीला टेकून उभा. एका बाजूला एक बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणारा, विशी-बाविशीचा. समोर मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, उभी हयात घालवलेले एक काका. बघणारे जेवढे, तेवढ्या सगळ्यांचा चहा हरणाऱ्याकडे.

पोराने पहिला फटका मारला आणि स्ट्रायकर अर्ध्यात येऊन बसला. दुसराही तसाच. पोरगं म्हणालं, "पावडर टाका." टाकली. स्ट्रायकर आणखीच जड झाला. ओल्या बोर्डावर पावडर जास्त झाली की ती पसरत नाही, तिचे बारीक गोळे होतात आणि सोंगटी त्यांना अडते. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो: ओल्या बोर्डाला पावडर हा उपाय नाही. आधी ओल काढायची, पावडर मागून.

मग कुणीतरी म्हणालं, बोर्ड भट्टीवर धरू. काका म्हणाले, "ती काय तव्यावर टाकायची भाकरी आहे? प्लाय एका अंगाने तापला की वाकतो, मग तुम्ही मधे मारलेली गोटी आपोआप कोपऱ्यात जाईल. ठेवा खाली."

काकांनी जे केलं ते सांगणारे पायरीपायरीने सांगतात, तसंच सांगतो. आधी कोरड्या सुती फडक्याने सगळी पावडर पुसून काढली. ओलं फडकं अजिबात नाही. मग बोर्ड उलटा केला. सगळे म्हणाले, खेळायची बाजू तर वर आहे. काका म्हणाले, पाणी खालून शिरतं. आणि ते खरं आहे. वरच्या बाजूला पॉलिश असतं, खालची बाजू बहुतेक बोर्डांवर कोरीच राहते, म्हणून हवेतली ओल तीच पिते. शंभर वॅटचा बल्ब हातभर उंचीवर आणून आधी खालची बाजू, मग वरची, असा जागा बदलत बदलत फिरवला. एकाच ठिकाणी धरला तर पॉलिश फुगतं. तोवर सोंगट्या वर्तमानपत्रावर मोकळ्या पसरल्या, कारण लाकडी सोंगटीही ओल धरते आणि कडेला फुगली की सरळ जात नाही.

या सगळ्याला तासभर लागला. हॉटेलवाला खूश, कारण रिकामे हात चहा आणि पोहे मागतात. पोह्यांवरून आठवलं म्हणून सांगूनच टाकतो: पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवरच ठेवावेत. जाडे पोहे धुऊन निथळायचे, फोडणीत बडीशेप, कांदा कच्चा आणि वरून, त्यावर शेव आणि जिरावन मसाला. पातेलं थेट आचेवर ठेवलं की तळाचे पोहे वाळून टणक होतात. आजकाल कढईतच गरम करून वाढतात आणि त्याला इंदुरी म्हणतात. ते इंदुरी नव्हे.

तर बोर्ड. सुकल्यावर काकांनी स्ट्रायकर कडेवर उभा करून मधोमध सोडला. तो नैऋत्येच्या कोपऱ्याकडे घरंगळला. त्या कोपऱ्याखाली विडीच्या बंडलाचा कागद दुमडून घातला, पुन्हा सोडला, आता तो जागीच आडवा पडला. मग बोरिक पावडर मलमलच्या फडक्यात बांधून तिची पोटली बोर्डावर चार ठिकाणी आपटली. एवढीच पावडर, चिमूटभर. तळव्याने पसरली, उरलेली फुंकून टाकली. शेवटी परीक्षा: बोर्डाच्या एका कडेच्या पट्टीला स्ट्रायकर टेकवून पूर्ण जोराने मारायचा, समोर जाऊन परत, पुन्हा समोर जाऊन परत. साडेतीन फेऱ्या झाल्या तर बोर्ड खेळायला लायक. झाल्या.

पोराने विचारलं, "काका, हे कुठे शिकलात?" काका म्हणाले, "पेलवान, आत साच्यावर हवा कोरडी पडली की तार तुटते, म्हणून तिथे ओल सोडतात. अंगाला लागली की कळते, किती आहे ती. इथे तीच नको." सूतगिरणीचं हे गणित खरंच आहे. कापसाचा धागा दमट हवेत टिकतो, कोरड्या हवेत तुटतो.

आता डाव. दमट बोर्डावर काकांना तोड नव्हती. मनगटाचा जोर आणि वर्षानुवर्षं संथ बोर्डावर खेळायची सवय. सुकलेल्या बोर्डावर तोच जोर जास्त पडू लागला. शेवटी दोघांची एकेक सोंगटी आणि राणी उरली. काकांनी राणी मारली, राणी गेली आणि तिच्यामागे स्ट्रायकरही गेला. फाउल. राणी परत बोर्डावर, वर एका सोंगटीचा दंड. पोराने हलक्या हाताने राणी घेतली, लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर दिलं आणि गेम खलास. चहा काकांनी पाजला, आणि पोराला म्हणाले, "भिया, उद्या येऊन बोर्ड तूच पूस."

या हॉटेलांचा गल्ला पाळीवर चालायचा. भोंगा वाजला की गर्दी. १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद झाली. तिथल्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी थेट २५ डिसेंबर २०२३ ला सुपूर्द झाले, आणि ज्यांचे ते पैसे, त्यातले कितीतरी तोवर हयात नव्हते. एवढा उशीर कुठल्याही कारणाने क्षम्य नाही, हे माझं ठाम मत आहे. गिऱ्हाईक आटलं तशी पुष्कळ हॉटेलं मिटली आणि बोर्ड माळ्यावर गेले.

त्यातला एखादा बोर्ड तुमच्याही घरी असेल. खाली काढाल तेव्हा आधी उलटा करून बघा, खालचा प्लाय सुटलाय का. पापुद्रा उचललेला असेल तर लाकूड चिकटवायचा डिंक भरून, वर सपाट वजन ठेवून रात्रभर दाबा. पावसाळ्यात भिंतीला तिरका टेकवू नका, त्याला पोक येतो. पलंगाखाली आडवा ठेवा, खाली वर्तमानपत्र घाला आणि दर आठवड्याला बदला. नवा घेणार असाल तर नियमात ८ मिलिमीटरचा प्लाय चालतो, पण रोजच्या खेळाला त्याहून जाड घ्या. आणि पुन्हा सांगतो: आधी ओल काढा, दोन्ही बाजूंची. पावडर मागून, चिमूटभर.

नमस्कार.