द्राक्षातलं ऊन

फेब्रुवारीतली पहाट. दिंडोरीकडच्या या बागेत थंडी अजून अंगाला झोंबतेय, पण खुडणी केव्हाच सुरू झालीय. घड धरायचा तो देठाला. मण्याला बोट लागलं की वरची पांढरी लव पुसली जाते, आणि परदेशातला व्यापारी नेमकं तेच बघतो.

एवढी घाई कशाला? ऊन चढलं की मणीही तापतो. वेलीवरून तुटला तरी त्याचा श्वास थांबत नाही. जितका गरम, तितका भराभर खर्च. त्याच्याही आधी सुकतो तो देठ. मणी अजून टणक असतो, पण काडी तपकिरी पडली की माल शिळा ठरला.

पॅकहाउसमध्ये निवड होते, खोकी भरतात आणि थेट प्रीकूलिंगला जातात. बरेच जण यालाच कोल्ड स्टोरेज म्हणून मोकळे होतात. पण कोल्ड स्टोरेज गार माल गार ठेवतं, एवढंच. गरम माल तिथे नुसता रचला, तर मधली खोकी कितीतरी वेळ कोमटच. इथे मोठा पंखा खोक्यांच्या भोकांतून गार हवा ओढतो. खोलीचा काटा काहीही सांगो. मण्यात खुपसलेली ही थर्मामीटरची सुई ४ अंशांखाली उतरली की मगच खोकं पुढे.

आता घडांवर ग्रेप गार्डचा कागद. ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि करडी बुरशी दबते. ही बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढते, नुसत्या थंडीला ती बधत नाही. मात्र कोमट मालावर कागद घातला, तर खोक्यात घाम सुटतो, वायू एकदम बाहेर पडतो आणि मण्यांचा रंग उडतो.

पुढचा मुक्काम शून्य अंशाच्या आसपास, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. साखरेमुळे मणी गोठत नाही. कच्चा आंबा इथे ठेवलात तर साल काळवंडेल आणि पिकायचंही राहील. युरोपला जाणाऱ्या आंब्याला तर फळमाशीपायी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर आंघोळ घालतात. प्रत्येक फळाची तऱ्हा निराळी.

साडेअकरा वाजलेत. गेटपाशी एक टेम्पो आत्ता येतोय. वाटेत पंक्चर झालं, ड्रायव्हर सांगतो. सुपरवायझर ताडपत्री उचलतो, वरच्या क्रेटमधल्या एका मण्यात सुई खुपसतो.

२९.

"याला बाजूला घ्या," तो म्हणतो. "लोकल मार्केट."