वेचणीचा हात, व्यायामाचा हात

आयाबहिणींनो, वेचणीचा दिवस मोडून तुम्ही या देवळात येऊन बसलात, म्हणजे आजची मजुरी बुडाली. म्हणून लांबण लावत नाही. आमवातानं धरलेल्या हातांचं काय करायचं, एवढंच बोलते.

गेल्या हंगामात एका मावशींना मी बोटांचा व्यायाम सांगितला. त्या म्हणाल्या, "मॅडम, दिवसभर कापूस वेचतो, निंदतो, भाकरी टाकतो. आनखी कोनता व्यायाम करू मी?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू येतो आणि तो रास्त आहे. बोंडातून कापूस ओढताना अंगठा आणि दोन बोटांची चिमटी होते, बघा. तीच चिमटी दिवसभर, हजारो वेळा. पंजा पूर्ण उघडत नाही, मनगट मागे वळत नाही, करंगळी तर नुसती वाकून बसलेली असते. सांधा जेवढा फिरू शकतो त्यातला थोडासाच भाग कामाला लागतो, बाकीचा आखडत जातो. म्हणून राबणाऱ्या हातालाही वेगळा व्यायाम लागतो.

आमवात म्हणजे म्हातारपणी गुडघा झिजतो तो आजार नव्हे. शरीराची राखण करणारी ताकदच इथं उलटते आणि सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, मग कूर्चा आणि हाड पोखरलं जातं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट दिसतो, आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात, 30 ते 50 च्या दरम्यान सुरू होतो. दोन्ही हातांची बोटं मुळाशी आणि मधल्या पेरावर सुजतात. सकाळी हात तास-तासभर वळत नाहीत. झिजेच्या दुखण्यात सांधा साधारण अर्ध्या तासात मोकळा होतो. ही खूण लक्षात ठेवा आणि वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा, जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामला. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता खूप वाढते. मेथोट्रेक्सेटची गोळी दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. माझा व्यायाम औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या ऐवजी नाही. आणि सांध्यावर बिब्बा लावू नका. फोड येतो, कातडी जळते, आतली सूज तशीच राहते.

एक गोष्ट मला फार लागते. बोटं वाकडी झालेली बाई दिसली की अजूनही कुणीतरी कुजबुजतं, "हिला महारोग तर नाही?" आमवात एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिच्या हातचं पाणी बिनधास्त प्या.

आता व्यायामाचं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवसांत जोर लावायचा नाही. माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, सांधा दिवसातून एक-दोनदा हळूच वाकवून सरळ करा, बस. सूज उतरली की मग ताकदीचा व्यायाम. तेव्हा सकाळी आधी हात दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा. दवाखान्यात आम्ही मेणाचा शेक देतो, तो घरी चुलीवर करायला जाऊ नका, हात भाजेल. व्यायामानंतर दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं, तर तेवढा व्यायाम जास्त झाला असं समजा आणि दुसऱ्या दिवशी कमी करा.

याचा उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये आमवाताच्या 490 रुग्णांवर हे तपासलं, 2015 साली निष्कर्ष छापून आले. हाताचे ताण आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांचा हात वर्षभरानंतरही इतरांपेक्षा चांगला चालत होता. दुखण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आठ दिवसांत ठणका गेला नाही म्हणून कितीतरी जणी व्यायाम सोडून देतात. दुखणं औषधानं आवरायचं, हात चालता ठेवायचा तो व्यायामानं.

काम सोडा असं मी म्हणणार नाही, ते तुम्हाला परवडणारं नाही. कामाची रीत बदला. पाण्याचा गुंड बोटांनी कडेला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी, कोपरापर्यंतचा हात खाली घालून छातीशी धरा. लुगडं पिळताना बोटं करंगळीकडे ढकलली जातात, आमवातात ती तशीच तिकडे कलतात. म्हणून ते नळाला किंवा खुंटाला अडकवून पिळा. खुरप्याच्या मुठीला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळा, मूठ जाड झाली की पकडीला जोर कमी लागतो. आणि बाजेवर निजताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहायला लागतो.

मानेचं विसरत होते. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांनाही सैल करतो. अशा माणसाची मान कुणाकडूनही कडकन मोडून घेऊ नका, मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

चला, आता हात मांडीवर ठेवा, तळवा वर. बोटं पूर्ण उघडा. आता अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावत करंगळीपर्यंत न्या. खांबापाशी बसलेल्या आजी, तुमचा अंगठा अनामिकेशी थांबतोय, दिसतंय मला. ओढू नका. तिथंच टेकवा, पाच अंक मोजा, आणि परत या.