ब्रशवर तांदळाएवढी पेस्ट

[लालबाग. चाळीतली सकाळ. मोरीत नळ सुरू.]

पाणी आलंय, पिंपं भरायची घाई आहे. त्या गडबडीत अडीच वर्षांची चिमी मोरीच्या कठड्यावर बसून ब्रश चघळतेय. ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी पेस्ट, स्ट्रॉबेरीच्या वासाची. ‘थुंक गं बाई, थुंक!’ आजी ओरडते. चिमी आजीकडे बघून हसते आणि गिळून टाकते.

चव आइस्क्रीमची ठेवायची आणि पोरांनी थुंकावं अशी अपेक्षा करायची, हे जरा अतीच!

[पेस्टच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं, जवळून.]

आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड, म्हणजे दातांची कीड अडवणारा क्षार, जास्तीत जास्त 1000 पीपीएम असू शकतं. म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट ग्रॅमभराच्या आसपास जाते. मोठी माणसं ती थुंकतात. चिमीला अजून थुंकता येत नाही.

तिचे दुधाचे दात तर येऊन बसलेत. खरं काम चाललंय हिरडीच्या आत. पुढचे पक्के दात तिथे आत्ता घडतायत, त्यांच्यावर इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, चढतंय. साधारण दीड ते तीन वर्षांचा काळ या पुढच्या दातांसाठी सगळ्यात नाजूक. या वयात रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं, तर इनॅमल नीट पक्कं होत नाही. कळतं मात्र सहाव्या-सातव्या वर्षी, दात वर आल्यावर. त्यावर खडूसारख्या पांढऱ्या रेघा, ठिपके दिसतात. प्रमाण फारच असेल तर तपकिरी डाग, खड्डे. हे डाग कितीही घासले तरी जात नाहीत.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत असे दात पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. तिथे कारण बोअरचं पाणी, खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंतच असावं. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. मुंबई पिते ते तानसा, वैतरणा, भातसाचं, धरणात साठलेलं पावसाचं पाणी. त्यात फ्लोराइड कमीच. म्हणून इथे आधी ब्रशकडे बघायचं.

[आजीचा हात. ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट.]

तीन वर्षांपर्यंत एवढीच. तीन ते सहा, वाटाण्याएवढी. ट्यूब मोठ्यांच्या हातात, आणि मूल ब्रश करत असताना मोठं माणूस शेजारी. थुंकायला जमलं की नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची गरज नाही. दातांवर राहिलेलं थोडं फ्लोराइड कामाचं असतं.

हे ऐकून कुणी घाबरून बिनफ्लोराइडची पेस्ट आणू नये. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणारी, दिवसभर बिस्किटं खाणारी आपली पोरं. कीड त्यांना लवकर गाठते, आणि तिला अडवायला फ्लोराइडच लागतं.

सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी प्यायला वापरत असाल, किंवा सुट्टीत दोन महिने गावी बोअरवरच भागत असेल, तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं उलट थोडं वाढतंच. आरओ फिल्टरने मात्र बरंचसं निघतं.