पाय पुढे करताना

[दृश्य: वसईतल्या एका चर्चचं आवार. संध्याकाळ. स्कूटर लावणारी, मुलांना हाताला धरून आत जाणारी माणसं.]

पवित्र गुरुवार. ईस्टरच्या आधीचा गुरुवार. आज फादर बारा जणांचे पाय धुणार. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या आहेत आणि त्यांवर बसणारे बारा जण जरा अवघडलेले आहेत. यातले बहुतेक घरूनच पाय घासून आलेत. वाडीत राबणाऱ्याच्या टाचांच्या भेगांतली माती एका आंघोळीत निघत नाही. मग कुणी लिंबू चोळतं, कुणी वजरी घेऊन बसतं. धुवायचे म्हणून आणलेले पाय आधीच लख्ख! हसू येतं खरं, पण फादरांसमोर मळका पाय कोण पुढे करणार?

[दृश्य: तांब्या, परात, घडी केलेले टॉवेल.]

प्रवचन संपतं. फादर अंगावरचा मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचा, झगा उतरवतात, टॉवेल घेतात आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकतात. पावलावर तांब्यातलं पाणी, खाली परात, मग पुसणं. काही ठिकाणी पावलाचं चुंबनही घेतात. वर्षभर ज्यांना वाकून नमस्कार करायचा, तेच आज समोर वाकलेत. कॅमेरा साहजिकच त्यांच्याकडे वळतो. आपण तो जरा खुर्चीकडे वळवू या.

[दृश्य: खुर्चीच्या कडेला घट्ट धरलेला हात. आखडलेली पावलं.]

ही गोष्ट बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातली. शेवटचं भोजन चालू आहे. येशू उठतो, बाह्य वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी हे काम घरच्या दासाचं. पेत्राची पाळी येते तेव्हा तो साफ नकार देतो: माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला केवढं नम्र वाटतं! येशू सांगतो, मी धुतलं नाही तर तुझा माझ्याशी काही संबंध उरणार नाही. त्यावर पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला: मग नुसते पायच कशाला, हात आणि डोकंही धू!

येशू तेही मान्य करत नाही. पाय म्हणजे पाय.

आधी नको, मग जास्त हवं. दोन्ही वेळा ठरवणारा पेत्रच. आज्ञापालन त्याला इथे अवघड जातंय, कारण करण्यासारखं काही त्याच्या हातात ठेवलेलंच नाही. नुसतं बसायचं आणि पाय पुढे करायचा. सेवा करणाऱ्याला निदान काम तरी असतं. करून घेणाऱ्याला तेवढाही आधार नाही. वाकणं सोपं, असं मुळीच म्हणायचं नाही. पण त्या बारा जणांच्या चेहऱ्यांवरचा संकोच पाहिला की पेत्र जवळचा वाटू लागतो.

आणि यहूदा, येशूला पकडून देणारा शिष्य? योहानाच्या क्रमाने वाचलं तर तो अजून जागेवरच आहे. पाय धुऊन झाल्यावर, भाकरीचा घास घेऊन तो बाहेर पडतो. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले होते. यावर प्रवचन देणं कुठल्याही फादरला सोपं जात नसणार.

[दृश्य: जुन्या प्रार्थनापुस्तकाची पानं.]

हा विधी जुना; पण मिस्सेच्या मधोमध तो आला 1955 मध्ये, पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याच्या उपासनेत सुधारणा केल्या तेव्हा. त्याच वेळी सकाळी होणारी ही मिस्सा संध्याकाळी आली. नियमात बारा खुर्च्यांवर फक्त पुरुष होते. 2013 साली पोप फ्रान्सिस रोममधल्या बालसुधारगृहात गेले आणि त्यांनी धुतलेल्या पावलांत मुली होत्या, मुसलमान मुलंही होती. जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला. 2024 मध्ये रोमच्या महिला तुरुंगात ते चाकांच्या खुर्चीवरून आले. गुडघे टेकणं शक्य नव्हतं, म्हणून बारा कैदी स्त्रियांना उंचावर बसवलं होतं.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथात तर प्रभुभोजनाआधी जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. तिथे दोन्ही बाजू एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

[दृश्य: वेदी उघडी केली जातेय. फुलांनी सजवलेली बाजूची जागा, मेणबत्त्या.]

मिस्सेनंतर पवित्र भाकर बाजूच्या वेदीवर नेतात आणि लोक रात्री तिथे जागरणाला बसतात. गेथशेमानेच्या बागेतली ती रात्र, पकडला जाण्याआधी येशूने जिथे प्रार्थना केली. प्रत्येक वाडीला, प्रत्येक गटाला वेळ वाटून दिलेली असते. इथे मागणी खूप असतात: कुणाच्या घरी डायलिसिस चालू आहे, कुणाच्या मुलाचा व्हिसा अडकलाय, कुणाची जमिनीची केस. येशूनेही त्या बागेत आधी मागितलंच होतं, शक्य असेल तर हा प्याला माझ्यापुढून टळो. मत्तयाचं शुभवर्तमान सांगतं, तीनदा. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्याला जोडून आलं. पहिला भाग गाळून दुसराच म्हणायची आपल्याकडे फार घाई होते. जणू मागणं हा कमीपणाच आहे.

[दृश्य: शुक्रवार, दुपार. रिकामी वेदी. फादर जमिनीवर पालथे.]

गुड फ्रायडेला मिस्सा नसते. फादर येतात आणि एक शब्द न बोलता वेदीपुढे साष्टांग पडतात. मग वाचनं, आणि दहा विनंत्या: पोपसाठी, यहुदी लोकांसाठी, ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, संकटात सापडलेल्यांसाठी. अनेक ठिकाणी प्रत्येक विनंतीला गुडघे टेकायचे आणि पुन्हा उठायचं.

दहा वेळा. तेही एप्रिलच्या उकाड्यात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहावं, असं आधीच सांगून ठेवलेलं असतं. पुढच्या बाकांवरच्या आजीबाई काही ऐकत नाहीत.