पांढरा रंग महागात पडला

(दृश्य, 2013 मधलं: कारखान्याची जुनी इमारत. विटांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे.)

जरा जवळून बघा. पांढरा रंग घाईघाईत मारलाय, तोही पातळ. खालची चित्रं अजून दिसतायत.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली ही इमारत, फाइव्ह पॉइंट्झ. मालकाच्या परवानगीनं इथं वर्षानुवर्षं स्प्रेनं चित्रं काढली जात होती. पुढे त्याला इमारत पाडून तिथं टॉवर उभारायचे होते. नोव्हेंबर 2013 मध्ये त्यानं रातोरात सगळं पांढरं करून टाकलं. कलाकार कोर्टात गेले आणि 2018 मध्ये न्यायाधीशांनी 21 जणांना मिळून 67.5 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. इमारत त्याची, भिंत त्याची, रंगही त्याच्याच पैशाचा. तरी दोषी तोच!

गंमत अशी, की याच शहरानं 1972 मध्ये ग्राफिटीविरुद्ध, म्हणजे भिंतींवर लिहिण्या-रंगवण्याविरुद्ध, कायदा केला होता. त्याच्या आदल्या वर्षी ‘टाकी 183’ हे नाव वर्तमानपत्रात झळकलं. पाकिटं पोचवणारा एक पोरगा, जाईल तिथं मार्करनं नाव लिहायचा. 183 हा त्याच्या रस्त्याचा नंबर. मग त्याचं बघून इतर पोरं लिहू लागली. रात्री रेल्वेच्या यार्डात शिरून अख्खे डबे रंगू लागले. ही पोरं स्वतःला चित्रकार म्हणवत नाहीत, ‘रायटर’ म्हणवतात.

(दृश्य: स्प्रे कॅन धरलेला हात.)

कॅन भिंतीजवळ धरला की रेघ बारीक येते, लांब धरला की धूसर. हात क्षणभर थबकला की रंग ओघळलाच. पोलिस कधीही येतील अशा अंधारात हे साधायचं. स्टेन्सिल (आकार कापलेला पुठ्ठा) वापरतात ते त्यासाठीच: कापाकापी घरी, भिंतीपाशी फक्त फवारा.

पण सगळ्याच भिंतींवर असं कसब नसतं. बहुतेक ठिकाणी नुसतं नाव असतं, तेही गिचमिड. सकाळी शटर उघडायला आलेल्या दुकानदाराला कलेचा इतिहास ऐकवून उपयोग नाही. घासायचं त्यालाच आहे. हा वैताग काही आजचा नाही. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात कुणीतरी भिंतीवरच खरडून ठेवलंय: भिंती, इतक्यांचं रटाळ लिखाण अंगावर घेऊन तू कोसळली कशी नाहीस? आता तो मजकूर संशोधक जपतात. आणि तिथं आज कुणी स्वतःचं नाव कोरलं, तर तो गुन्हा ठरतो.

(दृश्य: लंडन, रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस.)

सप्टेंबर 2025. न्यायालयाच्या भिंतीवर बँक्सी या ओळख लपवणाऱ्या ब्रिटिश भित्तिचित्रकाराचं चित्र उगवलं: केसांचा टोप घातलेला न्यायाधीश खाली पडलेल्या आंदोलकाला हातोड्यानं मारतोय. (इंग्लंडचे न्यायाधीश हातोडा वापरतच नाहीत, पण ते असो.) याच बँक्सीचं, आधीच्या एका लिलावात अर्धवट फाटलेलं चित्र 2021 मध्ये 1 कोटी 85 लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं होतं. न्यायालयाच्या भिंतीवरचं मात्र लगेच झाकलं गेलं आणि मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार पोलिसांकडे गेली. वारसा इमारत म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मग माणसं आली आणि त्यांनी ते घासून काढलं. पण दगडानं रंग प्यायला होता. न्यायाधीशाची काळपट सावली भिंतीवर तशीच राहिली, आणि लोक तिचेही फोटो काढायला थांबू लागले.