फक्त तीनशे तास

जुन्या छोट्या विमानाची जाहिरात अशी असते: सेसना १७२, मॉडेल १९७५, इंजिन ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास चाललेलं. खाली चकाचक रंगाचा फोटो. (ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं.) वाचणाऱ्याचा जीव लगेच अडकतो.

विमानाच्या वयाला घाबरायचं कारण नाही. या बाजारात पन्नाशीची विमानं सर्रास विकली जातात. सेसना १७२ आजवर ४४ हजारांहून जास्त बनली, पण त्यातली बहुतेक १९८६ च्या आधीची आहेत. त्या वर्षी नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या ओझ्यापायी कंपनीनं हे विमान बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये अमेरिकेत उत्पादकाची जबाबदारी अठरा वर्षांपुरती मर्यादित करणारा कायदा झाला, तेव्हा कुठे १९९६ पासून उत्पादन पुन्हा सुरू झालं. म्हणजे स्वस्तातलं हवं, तर जुनंच बघावं लागतं.

खरा प्रश्न त्या तीनशे तासांचा आहे. ते किती वर्षांत झाले?

या वर्गातल्या लायकमिंग इंजिनांसाठी ती बनवणारी कंपनी साधारण २००० तासांनी ओव्हरहॉल सुचवते, किंवा बारा वर्षांनी. जे आधी येईल ते. तासांचा आकडा जाहिरातीत ठळक छापतात. वर्षांचा मात्र आपणच विचारायचा.

या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला, क्रँकशाफ्टच्या म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्याही वर असतो. इंजिन बंद झालं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली उतरतं. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं तर उघड्या पोलादाला दमट हवा लागते आणि बारीक गंज धरतो. पुढे कधीतरी इंजिन सुरू होतं, तेव्हा तो खडबडीत पृष्ठभाग कानशीसारखा घासत राहतो. बाहेरून काही कळत नाही. मेकॅनिक तेलाचा फिल्टर कापतो, आतला घड्यांचा कागद उलगडून उजेडात धरतो आणि त्यावरून चुंबक फिरवतो. चुंबकाला चकचकीत कण चिकटले, की किमतीची घासाघीस तिथेच थांबवावी.

यावर मालकांचा एक आवडता उपाय असतो: विमान जागेवरच दहा मिनिटं चालू करून बंद करायचं. त्यानं उलट नुकसान होतं. ज्वलनातून पाणी तयार होतं, पण ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. म्हणून दर आठवड्याला उडणारं १४०० तासांचं इंजिन कित्येकदा या ३०० तासांच्या इंजिनापेक्षा बरं निघतं. मेकॅनिक लोकांना हे माहीत असतं. गिऱ्हाइकाला पटत नाही, एवढंच.

म्हणून खरेदीआधीची तपासणी विकणाऱ्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडून कधीच करून घेऊ नये. आपला माणूस न्यावा. तो प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबानं हवा सोडतो, त्यातली किती टिकते ते बघतो आणि मग कान लावतो. सुसकारा एक्झॉस्टच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, तेल ओतायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा. मग बोअरस्कोपनं, म्हणजे बारीक नळीच्या दुर्बिणीनं, आत डोकावतो. मग लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या नोंदवह्या. मधली एखादी वही गहाळ असेल तर भाव तिथेच उतरतो. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, त्यानंतर इंजिन उघडून पाहिलं का, सुरक्षेबाबत सक्तीचे आदेश पाळले का, हे सगळं त्या पानांतच सापडतं.

एवढं करूनही पहिली वार्षिक तपासणी बहुधा दणका देते. आधीच्या मालकानं पुढे ढकललेलं सगळं नव्या मालकाच्या बिलात उतरतं.

हँगर, विमा, वार्षिक तपासणी हे खर्च विमान उडो न उडो, चालूच असतात. वर्षाला वीस तास उडवलं तर दर तासाचा हिशेब करवत नाही. तेवढ्यासाठी भाड्याचं विमान केव्हाही परवडतं. शंभर तास उडवलं तर आकडे जरा माणसात येतात, आणि इंजिनही खूश राहतं.

सुख नाही का? आहे की! सकाळी आकाश मोकळं दिसलं की कुणाला न विचारता निघता येतं. सीट आपल्याच मापाला लावलेली असते, आणि इंजिनाचा सूर जरासा बदलला तरी कानाला कळतं.

वर्षाला शंभर तास उडणं एकट्याला जमत नसेल तर दोघातिघांत विमान घ्यावं. खर्च वाटला जातो आणि विमान उभंही राहत नाही. फक्त रविवार कुणाचा आणि बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कोण घेणार, हे सही करण्याआधी कागदावर लिहून घ्यावं. मैत्री कितीही जुनी असली तरी.